देवीच्या वाटेवर हेन्री मूर

पलूसला पुण्याचे पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी द्राक्षबाग. पाहुणे मांडवाखाली वाकून उभे राहतात, घड हातात धरून फोटो काढतात आणि "औषध मारलेलं नाही ना?" असं विचारून दोन घड खातात. दुसऱ्या दिवशी धोंडिराज महाराजांचं दर्शन, भिलवडीला कृष्णेचा घाट, आणि येताना चितळ्यांचं काहीतरी, जे पुण्यात त्यांच्या घराखालीच मिळत असतं. तिसऱ्या दिवशी सागरेश्वरची हरणं. हरणं बहुधा दिसत नाहीत. पाहुणे बघून बघून ती कंटाळली असावीत. मग चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तो प्रश्न येतो: "आणखी काय आहे इथं बघण्यासारखं?"

यंदा तो दाजींनी विचारला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोथरूडचे, निवृत्त, आणि जावई. जावयाला "काही नाही" हे उत्तर देता येत नाही. त्यात दाजी नुकतेच लेकाकडं लंडनला राहून आलेले, आणि तिथं त्यांना कंटेम्पररी आर्ट झाली होती. आल्यापासून बोलण्यात 'अवकाश' हा शब्द येत होता. आम्हाला वाटलं, पेन्शनीत जो मिळतो तो अवकाश. तो वेगळा निघाला.

"तुमच्याकडं आर्ट म्यूझियम वगैरे नसणारच," दाजी म्हणाले. त्यातलं 'वगैरे' फार लागलं. मी पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव पुढं केलं. जगाला पलूस माहीत आहे ते आडनाव म्हणूनच. पण पंडितजींचं घराणं पलूसचं, जन्म कुरुंदवाडचा आणि गांधर्व महाविद्यालय काढलं ते लाहोरला, १९०१ साली. तेव्हा बघायला नेण्यासारखं आमच्याकडं त्यातलं काही शिल्लक नाही. "ते संगीत झालं," दाजी म्हणाले. "मी चित्रकलेचं बोलतोय. आजच्या कलेचं." आणि त्यांनी लंडनहून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडून मामांच्या मांडीवर ठेवलं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. सत्तरी गाठलेले द्राक्ष बागायतदार. पुस्तकात एका रिकाम्या खोलीचा फोटो होता. दाजींनी समजावून सांगितलं, "मार्टिन क्रीड. या खोलीत काहीही ठेवलेलं नाही. पाच सेकंद दिवा लागतो, पाच सेकंद विझतो. हीच कलाकृती. २००१ साली टर्नर पारितोषिक मिळालं. वीस हजार पौंड."

मामांनी तंबाखू मळायची थांबवली. "लाईट जाती आन् परत येती?"

"हो."

"पाच शेकंदात?"

"हो."

"मग चांगली लाईट हाय की तिथं."

शेतीपंपाला कुठल्या वारी दिवसा वीज आणि कुठल्या वारी रात्री, हे ज्याला पाठ आहे त्याच्याकडून मिळालेली ही दाद क्रीडसाहेबांपर्यंत पोचायला हवी होती.

मग मी पत्ता टाकला. म्हटलं, "दाजी, आमच्याकडं म्यूझियम आहे. १९३८ पासून आहे. फक्त ते औंधला आहे आणि औंध सातारा जिल्ह्यात आहे, एवढीच अडचण."

ही अडचणही तशी अलीकडची. त्या काळी औंध संस्थान होतं आणि आमच्या शेजारचं कुंडल हे त्याचंच ठाणं. बहात्तर गावांचं हे संस्थान सलग कधीच नव्हतं. औंध इकडं, कुंडल तिकडं, आटपाडी माणदेशात आणि गुणदाळ थेट विजापूरकडं. महाराजांना आपल्याच राज्यात फिरायचं तर मधे दुसऱ्यांची राज्यं ओलांडावी लागत. अशा राज्यावर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले. त्या काळचे संस्थानिक मोटारी, पोलो, शिकार यांत रमत. बाळासाहेबांना चित्रांचा नाद होता आणि तोही नुसता विकत घेण्याचा नव्हे. स्वतः ब्रश घेऊन बसत. १९१६ साली त्यांचं चित्ररामायण छापून निघालं. अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं, वेरुळावर लिहिलं. कीर्तनं करीत. आणि रोज सूर्यनमस्कार घालीत. म्हणजे प्रजेकडूनही घालून घेत. संस्थानच्या शाळेत चित्रकलेचा तास एक वेळ चुकवता आला असेल, सूर्यनमस्कारातून सुटका नव्हती. इंग्रजीतही सूर्यनमस्कारांचं पुस्तक काढून त्यांनी थेट साहेबाच्या कमरेपर्यंत हात घातला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं त्यामागंही हेच महाराज. सचित्र महाभारतासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि चित्रंही काढायला घेतली. चित्रकाराची तयारी होती. पंडितांना पाठभेद जुळवायचे होते. ग्रंथ पूर्ण झाला १९६६ साली. तोवर संस्थान विलीन होऊन अठरा वर्षं झाली होती आणि महाराजांना जाऊन पंधरा. कलाकारानं वेळेत काम दिलं आणि छापणाऱ्यानं वेळ लावला, अशी ही मराठीतली बहुधा एकमेव नोंद.

दाजींना हे सगळं मामांच्या बोलेरोत बसून ऐकावं लागलं, कारण दुसरा इलाज नव्हता. पलूस सोडलं की लगेच किर्लोस्करवाडी लागते आणि माझा विषय तिथं आणखी लांबला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण त्यांना काही रंगछटा नीट ओळखू येत नव्हत्या. तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले. पुढं बेळगावला सायकलींचं दुकान, मग कारखाना, १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला, वर बिनव्याजी दहा हजार रुपये. ही गोष्ट १९१० सालची. माळावर निवडुंग होतं आणि साप होते.

दृश्य डोळ्यांसमोर आणा. एकीकडं रंगात बुडालेला राजा, दुसरीकडं रंगांनी दगा दिलेला कारखानदार, मधे निवडुंग. पुढं याच वाडीतून १९२० पासून शंकरराव किर्लोस्कर मासिक काढू लागले. ते स्वतः व्यंगचित्रकार. तिकडं औंधात वेदांचं भाष्य लिहीत बसलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, तेही मूळचे चित्रकारच, जे. जे.तले. म्हणजे राजा चित्रकार, संपादक चित्रकार, वेदपंडित चित्रकार आणि कारखानदार थोडक्यात हुकलेला चित्रकार. या संस्थानात हातात ब्रश नसलेल्या माणसाकडं लोक संशयानं बघत असावेत.

"म्हंजे औंधच्या राजानं वाडीला जमीन दिली ती चित्रापायी?" मामांनी गिअर टाकत विचारलं.

"तसं नाही अगदी."

"मग आमच्या आज्जानं काढायला पायजे हुतं एखादं चित्र," मामा म्हणाले. कुंडल येईपर्यंत ते बत्तीस एकरांवर द्राक्ष लावत होते.

कुंडल, देवराष्ट्रे, कडेगाव, पुसेसावळी असं करत औंध आलं. संग्रहालय गावात नाही. यमाईचं मूळपीठ डोंगरावर आहे आणि त्या डोंगराच्या मध्यावर संग्रहालय. जागेची ही निवड मला आजवरच्या सर्व कलाविचारांत सर्वांत शहाणी वाटते. मोठमोठ्या शहरांत म्यूझियमकडं लोक वळावेत म्हणून काय काय करतात: कॉफीची दुकानं, लहान मुलांच्या कार्यशाळा, एका तिकिटावर एक फुकट. बाळासाहेबांनी देवीला जाणाऱ्या माणसाला दम कुठं लागेल याचा अंदाज घेतला. खाली असतं तर लोक देवीची घाई म्हणून टळले असते; शिखरावर असतं तर कोणी आलंच नसतं. मध्यावर माणसाला बसायचं असतं, आणि सावली त्या दारात असते.

याच सुमाराला, १९३८ च्या अखेरीस, महाराजांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं आणि १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली स्वराज्याची घटना लागू झाली. राज्य असं सहज देऊन टाकणाऱ्या माणसानं चित्रं मात्र पक्क्या इमारतीत, डोंगरावर नेऊन ठेवली. कशाला कुलूप लागतं आणि कशाला लागत नाही याची त्यांची समज आपल्यापेक्षा वेगळी होती.

दाजींची पहिली तक्रार दारातच आली. "हे कंटेम्पररी कुठं? हे तर जुनं आहे."

आता यावर वाद घालायचा म्हणजे जावयाशी घालायचा, म्हणून मी हळू आवाजात घातला. संग्रहालय उघडलं तेव्हा या संग्रहातले चित्रकार धुरंधर हयात होते, म्यूलर हयात होते. सातवळेकर खालीच गावात राहत होते; ते पुढं शंभरी गाठून १९६८ साली गेले. राजा रविवर्म्याला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती, म्हणजे आज आपल्याला दादा कोंडके जेवढे लांब वाटतात साधारण तेवढाच. बाळासाहेब जिवंत माणसांची चित्रं घेत होते, त्यांना कामं देत होते, पैसे मोजत होते. कला समकालीन असते ती चित्रकाराचं बिल थकलेलं असेपर्यंत. ते चुकतं झालं, चित्रकार वारला, की ती परंपरा होते आणि तिच्यावर पीएच.डी. करता येते.

दाजींना हे पटलं नाही, पण ते आत गेले.

छोट्या संग्रहालयात चित्रांपेक्षा बघणारे बघावेत असं माझं जुनं मत आहे. देवीहून परतणाऱ्या म्हाताऱ्या बायका आत आल्या की चपला दाराबाहेरच राहतात, कोणी सांगावं लागत नाही. ज्या चित्रात देव असेल तिथं हात जोडले जातात. देव नसेल पण बाई नऊवारीत असेल तर लुगड्याच्या काठावर बोलणं होतं आणि नथीचा नमुना नीट बघितला जातो. धुरंधरांना याहून चांगला प्रेक्षक जे. जे.नं मिळवून दिला नसता. नवीन जोडपी ओटी भरून आलेली असतात. त्यातला नवरा प्रत्येक चित्राखालची पाटी मोठ्यानं वाचतो आणि बायको ती ऐकते, हे पुढं फार दिवस चालत नाही. परदेशी शिल्पांच्या प्रतिकृती असलेल्या भागात, जिथं अंगावरचं वस्त्र बेताचं आहे, तिथं कुटुंबवत्सल लोकांचा चालण्याचा वेग एकदम वाढतो. तरुण पोरं तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला थांबतात. सँडल घातलेला मुलगाही थांबतो.

मग येते शाळेची सहल. एक गुरुजी पुढं, एक बाई मागं, मधे निळ्या-पांढऱ्या गणवेशाची रांग. "हात लावू नका, हात लावू नका, बघितलं? चला पुढं." काही मुलांनी रविवर्मा बघितला तो पुढच्याच्या खांद्यावरून आणि काहींनी फक्त पुढच्याचा खांदा. पण एवढ्या वेगातही कुठलं तरी पोर एका ठिकाणी अडकतंच. त्या दिवशी एक मुलगी हस्तिदंती कोरीवकामासमोर अशी खिळली की मागची सगळी रांग तिच्यावर आदळली. दोन वर्गांची टक्कर झाली, बाईंचा चष्मा पडला. हिची नजर हलली नाही.

पांडोबा पाथरवट यांनी घडवलेल्या सहा ऋतूंच्या शिल्पांपाशी मामा रेंगाळले. दगडातलं काम त्यांना कळतं. घराचा पाया त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतलाय. पण द्राक्षवाल्याचं पंचांग वेगळं असतं. त्यात एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, आणि त्यानंतर माल व्यापाऱ्याच्या गाडीत चढेपर्यंत आभाळाकडं बघणं, एवढंच. हेमंत, शिशिर हे काढणीच्या तोंडावरचे धोके. वर्षा ऋतू कुठला ते त्यांनी मला विचारून घेतलं, त्याच्यासमोर उभे राहिले आणि जुना हिशेब चुकता करावा तशा आवाजात म्हणाले, "ह्यो फेब्रुवारीत कशापायी येतोय?"

आणि मग हेन्री मूर.

औंधला हेन्री मूरचं 'आई आणि मूल' आहे हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. मूर म्हणजे विसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला शिल्पकार. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो असल्या गावांच्या यादीत खटाव तालुका बसत नाही. दाजींना तर तो धक्काच होता. पुस्तकात मूरवर अख्खं प्रकरण होतं आणि ते त्यांनी विमानात वाचलं होतं. ते थांबले. चष्मा पुसला. "अरे! मूर!" असं जे ओरडले ते ऐकून दोन बायकांनी डोंगराच्या दिशेनं हात जोडले.

मामा येऊन शेजारी उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी निदान केलं, "घडवणाऱ्यानं काम अर्ध्यात सोडलंय."

"अर्धं नाही, मामा. ते तसंच आहे. पूर्ण."

"मजुरी न्हाई मिळाली वाटतं."

"मामा, त्यानं मुद्दाम सोप्या आकारात केलंय. आई आणि मूल यांच्यातला अवकाश बघा."

"म्हंजे काय हाय नेमकं?"

"तुम्हाला काय वाटतं?" दाजी म्हणाले. ते हे लंडनहून शिकून आले होते. आजच्या कलेत प्रश्नाचं उत्तर प्रश्नानंच द्यायचं असतं. मामांचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. "आमच्या बेदाण्याच्या सौद्यात बी असंच असतंय," ते म्हणाले. "दर काय देणार म्हटलं की व्यापारी म्हणतोय, तुमची काय अपेक्षा?"

मग साहजिकच दराचा विषय निघाला. मूरचं दुसरं एक शिल्प, आडवी पडलेली बाई, २०१६ साली लंडनच्या लिलावात दोन कोटी सत्तेचाळीस लाख पौंडांना गेलं, हे दाजींना माहीत होतं. रुपयांत सव्वादोनशे कोटींच्या घरात. मामांनी आकडा ऐकून घेतला, डोळे मिटून त्याचे गुंठे केले. ते पलूस तालुक्यात मावेनात, म्हणून तासगावात शिरले. डोळे उघडल्यावर त्यांनी शिल्पाकडं नव्या आदरानं बघितलं, पण मत बदललं नाही. "आडवी पडलेली एवढ्याला गेली," ते म्हणाले, "ही तर बसून पोर सांभाळती."

मूर बसलेली घडवतो की उभी, ते दाजी समजावत बसले नाहीत. ते आता परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या फजित्या सांगण्याच्या मनःस्थितीत आले होते. लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये २००४ साली गुस्टाव्ह मेट्झगर यांच्या मांडणीतली कचऱ्याची पिशवी सफाईच्या माणसानं कचरा समजून टाकून दिली. कलावंताचं म्हणणं, ती कलाकृतीचा भाग होती. पिशवीत कचराच होता. दाजी ही गोष्ट सफाई कामगाराच्या अडाणीपणाची म्हणून सांगत होते. दाराशी केर काढणाऱ्या मावशी मात्र ती लक्ष देऊन ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लंडनच्या त्या अनोळखी माणसाबद्दल निव्वळ सहानुभूती होती. औंधला असा घोटाळा व्हायचा नाही. इथला देव देवासारखा दिसतो, घोडा घोड्यासारखा आणि केर केरासारखा. एकट्या मूरपाशी काय ती जोखीम, आणि त्याला उचलून टाकायला एक माणूस पुरायचा नाही.

इमारतीत उजेड वरून येतो. दिवसभर तो चित्रांवरून सरकत राहतो आणि दुपारी ज्या चित्राकडं कोणी बघितलं नाही ते चार वाजता एकदम पुढं येतं. क्रीडच्या खोलीतला दिवा पाच सेकंदांनी बदलतो. इथला ढगाप्रमाणं बदलतो आणि त्याला पारितोषिक नाही. हे मी दाजींना सांगणार होतो, पण ते अभिप्रायाच्या वहीकडं गेले होते.

अभिप्रायाची वही हे छोट्या संग्रहालयाचं खरं चरित्र. नाव, गाव, अभिप्राय. अभिप्रायाच्या रकान्यात 'छान', 'खूप छान', 'अतिशय छान' अशा चढत्या पायऱ्या असतात. कोणी 'यमाई मातेच्या नावानं चांगभलं' लिहून जातो. कोणी मुलाच्या बारावीसाठी नवस नोंदवतो. एखादा नातेवाइकांना शोधत आलेला लिहितो, 'आम्ही वर गेलो आहोत.'

दाजींनी पेन काढलं आणि रकाना सोडून समासात, समासातून खालच्या ओळींत असे लिहीत सुटले. मूरच्या शिल्पातला मातृत्वाचा अवकाश, वसाहतीच्या काळातल्या संस्थानिकाची समकालीन जाणीव, आकार आणि निराकार यांतला तणाव. शेवटी सही, कोथरूड, मोबाईल नंबर. मग पेन मामांच्या हाती दिलं. मामांनी नाव लिहिलं, गाव पलूस लिहिलं, आणि अभिप्रायाच्या रकान्यात, सोसायटीच्या सभेत ठरावाखाली लिहायची सवय असल्यामुळं, लिहिलं: 'वरीलप्रमाणे.'

तेवढ्यात सहल तिथं पोचली. गुरुजींनी मुलांना वही दाखवली, मोठ्या माणसांनी काय लिहिलंय ते बघून लिहा म्हणाले. पहिल्या मुलानं दाजींचा मजकूर बघितला, मामांचा बघितला आणि सोपा होता तो घेतला. मागच्यांनी त्याच्यावरून घेतला. सगळा वर्ग येऊन गेला तेव्हा दोन पानं भरली होती, आणि आकार-निराकारातल्या तणावाबाबत इयत्ता चौथी दाजींशी एकमतानं सहमत होती. फक्त ती हस्तिदंतापाशी अडकलेली मुलगी शेवटी आली आणि तिनं वेगळं लिहिलं: 'हत्तीला दुखलं का?'

दाजी ते वाचून गाडीत बसेपर्यंत गप्प होते. पुसेसावळीला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "हा खरा कंटेम्पररी प्रश्न आहे."

"व्हय," मामा म्हणाले, "पण उत्तर कोण देणार? तुम्ही तर म्हणणार, तुला काय वाटतं."